हातखंब्याच्या चढावर आतोबा

जगात जेवढी म्हणून भोकं आहेत तेवढी सगळी बुजवण्यासाठीच देवाने आपल्याला जन्माला घातलंय, अशी माझ्या आतोबांची पक्की खात्री होती. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्येचे यजमान. तीस वर्षं त्यांनी गलबतावर तांडेलकी, म्हणजे कप्तानकी, केली. मंगळुराहून कौलं भरायची, मुंबईला उतरवायची, येताना मिळेल तो माल घ्यायचा. एवढ्या वर्षांत त्यांचं एकही गलबत बुडालं नाही, आणि त्याचं श्रेय ते वाऱ्याला, देवाला किंवा खलाशांना न देता फळ्यांच्या फटींत ठासलेल्या, राळेत बुडवलेल्या कापसाला देत. "पाणी काय करतं? भोक शोधतं. आपण त्याच्या आधी शोधायचं. कळलं काय?" असं ते मला दर भेटीत विचारत, आणि मी सरकारी कचेरीतला कारकून असल्यामुळे न कळताही "होय" म्हणायची मला सवय होती.

जमिनीवर आले तरी त्यांचे हात थांबले नाहीत. खिशात राळेचा एक गोळा आणि कापसाची पुडी कायम. उंदरांची बिळं त्यांनी बुजवली त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती, पण न्हाणीघराच्या मोरीला भिंतीतून गेलेलं भोक त्यांनी एका दुपारी असं काही बुजवलं, की संध्याकाळी आत्येच्या चुलीपर्यंत पाणी आलं. एकदा देवळात सनईवाल्याने सनई बाजूला ठेवून विडा लावायला घेतला. आतोबा त्या सनईकडे टक लावून बघत होते. त्यांचा हात खिशाकडे गेला मात्र, त्या बिचाऱ्याने सनई उराशी धरली आणि विडा तिथेच टाकून तो जो उठला तो आरती होईपर्यंत परतला नाही. ही शेवटची गोष्ट आत्या सांगे, आणि आत्येला तिखटमीठ लावायची खोड होती, हे मला मान्य आहे.

तर अशा माणसाच्या हाती मोटार आली. एका वादळात त्यांनी मुंबईच्या शेटजींचा माल सुखरूप धक्क्याला लावला, म्हणून शेटजींनी खूश होऊन आपली जुनी मोटार त्यांना देऊन टाकली. आतोबांनी ती गलबतात कौलांच्या जागी घालून रत्नागिरीच्या बंदरात आणली. वर्षभर ती बरी चालली. पुढे त्यांना पुन्हा दर्यावर जावं लागलं, आणि निघण्यापूर्वी त्यांनी ती परसातल्या मांडवात, पावसाळ्याआधी होडी ठेवतात तशी ठेवली. खाली ओंडके, वर माडाच्या झावळ्या, सगळ्या अंगाला तेल, आणि जिथे म्हणून फट दिसेल तिथे कापूस आणि राळ. मोटारीला किती भोकं असतात याची तुम्हांआम्हांला कल्पना नसते. आतोबांना ती सगळी सापडली होती.

चार वर्षांनी ते कायमचे घरी आले आणि गाडी बाहेर काढली. एव्हाना घरात एक गोष्ट घडली होती. त्यांची एकुलती एक लेक लांज्याला दिलेली, तिला मुलगा झाला होता. लेकीची सासू अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे तिला घर सोडून माहेरी येता येईना. आणि आत्येच्या कमरेत अशी चमक भरायची की बैलगाडीच्या पहिल्या धक्क्याला ती "मेले गो बाय" म्हणून खाली उतरे. नातवाला अजून तिने पाहिलं नव्हतं. तिने त्याच्यासाठी कुंची शिवली, मग तो मोठा झाला असेल म्हणून उसवून वाढवली, मग पुन्हा उसवली. लांज्याला सर्विसची मोटार जाऊ लागली होती, ती स्टँडवरून हात केला की थांबे. पण आतोबा म्हणाले, "घरात मोटार असताना माझी बायको परक्याच्या मोटारीत बसणार? लोक काय म्हणतील?" लोक काहीच म्हणाले नसते. पण हे त्यांना सांगणार कोण?

झालं, दर रविवारी आमची स्वारी लांज्याला निघू लागली. आत्या पुढे, कारण तिथे धक्के कमी. मी मागे, कारण ढकलायला कोणीतरी हवं. गाडी बंदरावरून, बाजारातून अशी काही डौलात जाई की मलाही वाटे, आज जाणार. आणि हातखंब्याचा चढ लागला की तिचा दम जाई. आधी ती खोकल्यासारखं करी, मग फुरफुरे, मग पायी चालणारी माणसं आम्हांला मागे टाकू लागत, आणि मग ती थांबे. मी उतरून चाकाखाली दगड लावी. आतोबा बाह्या वर करून तपासायला लागत.

त्यांची तपासणी म्हणजे शास्त्र होतं. पहिल्या रविवारी त्यांनी पेट्रोल हुंगलं, "उतरलंय" म्हणाले, आणि चार वर्षांचं ते जुनं पाणी माझ्यादेखत गटारात ओतून नवं घातलं. दुसऱ्या रविवारी प्लग काढून चुलीच्या राखेने घासले. तिसऱ्या रविवारी हवेच्या नळीत कुंभारीण माशीने केलेलं मातीचं घर सापडलं, तेव्हा ते इतके हरखले की मला वाटलं आता नारळ फोडतात. हे सगळं केल्यावर, शेवटी, पेट्रोल आहे ना म्हणून ते बांबूची कामटी टाकीत बुडवून बघत. टाकी पुढच्या बैठकीखाली. त्यामुळे दर वेळी आत्येला उठवून, धरून, कमरेचं सांभाळत रस्त्यावर उभं करावं लागे. कामटी बघून झाली, झाकण लावलं, आत्येला बसवलं, हँडल मारलं, की गाडी एका दमात सुरू! मग त्या दिवशी जे काही शेवटचं घासलं असेल त्याला सगळं श्रेय. "प्लग रे प्लग!" असं ते ओरडत. आणि दोन-तीन मैलांवर ती पुन्हा थांबे. तोवर उन्हं कलत, आणि अंधारापूर्वी बंदरात परत, हा आतोबांचा तांडेलाचा नियम. आम्ही माघारी फिरत असू. घरी गेल्यावर आत्या लेकीसाठी बांधलेलं गाठोडं नुसतं सोडून त्यातले लाडू डब्यात परत घालून ठेवी, आणि ते बघवत नसे.

असे सात रविवार गेले. आठव्या रविवारी त्याच चढावर, त्याच आंब्याखाली गाडी थांबली. आतोबांनी या खेपेस इंजिनाचा काय काय भाग काढून पंचावर मांडला होता ते मला सांगता येणार नाही. मी रस्त्याकडेच्या धोंड्यावर बसून मनातल्या मनात बदलीचा अर्ज लिहीत होतो. सगळं परत बसवून झाल्यावर आतोबांनी आत्येला उठवलं, बैठक उचलली आणि टाकीचं झाकण फिरवलं.

"हुस्स" असा आवाज झाला.

"हा आवाज दर वेळी होतो," आत्या म्हणाली.

"होतो तर होतो," आतोबा कामटी शोधत म्हणाले.

"अवो, पण रॉकेलच्या डब्याला एकच भोक पाडलं तर रॉकेल पडतं काय? गुळुक करतं नि थांबतं. दुसरं भोक पाडावं लागतं वाऱ्याला. या तुमच्या डब्याला वाऱ्याचं भोक कुठाय?"

आतोबांनी झाकण हातात घेतलं, उलटं केलं, धोतराच्या सोग्याने पुसलं. मधोमध राळेचा एक टिपका होता, तांदळाएवढा. त्यांच्याच हातचा, गुळगुळीत, नखानेही निघेना इतका पक्का. आत्येने अंबाड्यातला आकडा काढून दिला. आतोबांनी तो टिपका टोकरून काढला आणि त्या भोकातून आभाळाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हसायच्या बेतात होतो, पण त्यांचा चेहरा बघून चाकाखालचा दगड नीट करायला वाकलो.

"तुला हे ठाऊक होतं?" ते म्हणाले.

"रॉकेलचा डबा मीच फोडते ना दर महिन्याला."

"मग आठ रविवार बोलली का नाहीस गो?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

ती हे रागाने म्हणाली नाही. कमरेवर हात ठेवून, कुणी वेळ विचारली तर सांगावी तसं म्हणाली. आतोबांनी झाकण लावलं, तिला धरून बसवलं, आणि त्या दिवशी ती मोटार हातखंबा चढून, पाली ओलांडून थेट लांज्याला लेकीच्या दारात जाऊन थांबली. नातू आजीला बघून भोकाड पसरून रडला. आत्याही रडली. अंधार पडला तरी आतोबांनी परत फिरायचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मात्र आतोबांना विचारायचं वेडच लागलं. वारा कुठला आहे, कुणाच्या लग्नाला कुठला अंगरखा घालू, मोटारीचं चाक बदलू की ठिगळ लावू, सगळं आत्येला. ती वैतागे. "अवो, तीस वर्षं गलबत मला विचारून हाकलंत काय?" असं माझ्यासमोर म्हणे, पण उत्तर देई, आणि देताना पदर नीट करी. अशी चार वर्षं गेली आणि एका आश्विनात, तीन दिवसांच्या तापाने, आत्या गेली.

तेराव्यानंतर मी त्यांच्याकडे गेलो. लांज्याहून लेक आली होती, ती विहिरीवर होती. आतोबा म्हणाले, "बस, चहा टाकतो." मी नको म्हणेपर्यंत त्यांनी आधण ठेवलंसुद्धा. दोन कप मांडले. साखरेचा डबा उघडला, चमचा भरला आणि तसाच हातात धरून उभे राहिले.

"भाच्या, मला चहात किती साखर लागते रे?"

लेकीला विचारावं म्हणून मी विहिरीकडे वळलो.

"इतकं सगळं विचारलं तिला," आतोबा म्हणाले, "हे तेवढं राहिलं."