तिचा शब्द कुणी तोडायचा नाही

माझी वहिनी शहर बस चालवते. तिच्या डेपोत बायका ड्रायव्हर तीनच, आणि सगळ्यात जास्त तक्रारी वहिनीच्या नावावर. अपघाताची एकही नाही. सगळ्यांचा सूर एकच: बाई फार थांबतात. कुणी म्हातारा कुबडी टेकत रस्ता ओलांडताना दिसला, की ही दार उघडं ठेवून बसते. मागून गाड्या हॉर्न वाजवतात, आतले लोक चुकचुकतात. एकदा एकजण ओरडला, "बाई, आम्हाला कामं आहेत!" वहिनीने आरशातून त्याच्याकडे पाहिलं. "मलाही आहे. हेच माझं काम."

यावरून कुणाला वाटेल, बाई स्वभावाने शांत असेल. छे! राग तिच्या नाकाच्या शेंड्यावर. लग्न ठरलं तेव्हा आई दादाला म्हणाली होती, "मुलगी गुणाची आहे, पण फटाका आहे हो." दादा दवाखान्यात कंपाउंडर, मवाळ माणूस. तो नुसता हसला होता.

आधी थोरला झाला, मग तीन वर्षांनी धाकटी. धाकटी चौथ्या वर्षी बोलताना अडखळायला लागली. शब्दाचं पहिलं अक्षर ओठांत अडकायचं, मान ताठ व्हायची, डोळे घट्ट मिटायचे. उपचार झाले, व्यायाम झाले, थोडा फरक पडला. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ती बोलेल. तुम्ही ऐकायला शिका."

वहिनीने ते मनावर घेतलं. आमच्या घरी जेवणाआधीची प्रार्थना पाळीपाळीने करतात. धाकटीची पाळी मंगळवारी आणि शुक्रवारी. तिचं 'आमेन' होईपर्यंत कुणी चमच्याला हात लावायचा नाही आणि तिचा शब्द कुणी तोडायचा नाही, हा नियम. थोरला तेव्हा दहाचा, भूक लागली की वाघ. एका मंगळवारी "प्रभू, तुझे आ-आ-" इथे गाडी अडली. थोरल्याने झटकन "आभार मानतो, आमेन!" म्हटलं आणि घास घेतला.

वहिनीने त्याची ताटली ओढून घेतली.

"आई, जेवण गार होतंय!"

"होऊ दे. गार जेवण पोटात जातं. ही बोलायचीच बंद झाली तर काय करशील?"

"पण देवाला कळलंच की, तिला काय म्हणायचंय ते."

"कळलं ना? तरी तो मधे बोलला का? तू बोललास."

धाकटीने पहिल्यापासून प्रार्थना सुरू केली आणि, माझा संशय आहे, मुद्दाम लांबवली. त्या दिवशी तिने शेजारच्या मांजरासाठीसुद्धा आभार मानले.

पण एकदा खुद्द वहिनीनेच नियम मोडला. सकाळची ड्युटी, उशीर झालेला, एक बूट सापडत नाही. धाकटी दारात आडवी आली. "आई, मा-मा-मा-" वहिनी खेकसली, "माझी वही की माझी बाटली? काय ते बोल ना गं लवकर!" धाकटीने तोंड मिटलं. दोन दिवस ती फक्त मान हलवून हो-नाही सांगत होती. दादाने गोष्टी सांगितल्या, मी चित्रं काढून दिली. ती हसायची, बोलायची नाही.

दुसऱ्या संध्याकाळी वहिनी कामावरून आली आणि युनिफॉर्मही न बदलता स्वयंपाकघराच्या फरशीवर मुलांसमोर गुडघे टेकून बसली. "प्रभू, धीर धरा म्हणून सगळ्यांना सांगते आणि मलाच तो नाही. मला क्षमा कर." मग धाकटीकडे वळून म्हणाली, "आणि तूही कर."

धाकटी म्हणाली, "मा-माझा दात हलत होता. एवढंच." तोवर तो पडलाही होता. तिने खिशातून काढून आईच्या तळहातावर ठेवला.

आमच्या चर्चमध्ये नऊ वर्षांची झाली की मुलं रविवारी बायबलमधला शास्त्रपाठ वाचतात. कुणी कधी वाचायचं, त्याची यादी फलकावर लागते. धाकटी नऊची झाली. यादीत तिच्या बरोबरीची सगळी पोरं होती, ती नव्हती. मी म्हटलं, "जाऊ दे वहिनी, कशाला उगाच वाद?" ती तडक निघाली. मी आणि धाकटी मागोमाग.

चर्चचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर, सज्जन माणूस. पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, तेही तिथेच बसले होते. सेक्रेटरी समजुतीने म्हणाले, "पोरीचं हसं होऊ नये म्हणून नाव घेतलं नाही. धीर धरा. मोठी झाली की बघू."

"धीर?" वहिनी म्हणाली. "सर, ही एकेका शब्दासाठी जेवढा धीर धरते ना, तेवढा तुम्ही-आम्ही जन्मात धरला नसेल. आता जरा मंडळीने धरावा."

"उपासनेला वेळेचं बंधन असतं, बाई."

"तुमच्या सूचना वीस मिनिटं चालतात. तेव्हा कुठे जातं ते बंधन?"

पाळकांनी खोकल्याआड हसू दाबलं आणि धाकटीला विचारलं, "काय वाचशील, बाळा?"

"आं-आंधळ्याचं," ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला बसून येशूला हाका मारणाऱ्या आंधळ्याची ती गोष्ट. लोक त्याला गप्प बस म्हणून दटावतात, तो आणखी मोठ्याने ओरडतो, आणि येशू थांबतो.

पाळकांनी तिला पुढचा रविवार दिला. त्या रविवारी पहिल्या दोन ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत ती अडकली. बाकं करकरली, कुणी खाकरलं. पुढच्या बाकावरच्या एका काकूंनी, अगदी प्रेमाने, अडलेला शब्द मोठ्याने सांगून टाकला. धाकटीचा चेहरा उतरला. वहिनी उसळणार, म्हणून मी तिचा हात धरला. पण तिच्याआधी थोरला उभा राहिला. बारा वर्षांचा, कानांच्या पाळ्या लाल झालेल्या.

"काकू, सांगू नका. तिला येतं."

"खाली बस," सेक्रेटरी पुटपुटले.

"तिचं वाचून झालं की बसतो."

मग, जो आयुष्यात कुणाला उलट शब्द बोलला नाही, तो माझा दादा त्याच्या शेजारी उभा राहिला. वहिनी मात्र बसूनच होती. तिचा हात अजून माझ्या हातात होता.

धाकटीने तो शब्द पुन्हा पहिल्यापासून घेतला. 'थांबला' या शब्दावर ती सगळ्यात जास्त अडली, आणि अख्खी मंडळी थांबली. सगळं मिळून नऊ मिनिटं लागली.

टाळ्याबिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. त्या काकूंनी बाहेर येऊन धाकटीची माफी मागितली. दोन कुटुंबांनी तक्रार केली. सेक्रेटरी तीन महिने वहिनीशी बोलले नाहीत, आणि पुढच्या यादीतून नाव पुन्हा गळलं. वहिनी पुन्हा गेली. "परत आलात?" ते म्हणाले. "नाव येईपर्यंत येणार," ती म्हणाली. त्यानंतरच्या यादीत नाव होतं, आणि मग ते कधी गळलं नाही.

धाकटी आता चौदाची आहे. अडखळणं गेलेलं नाही. यंदा तिने शाळेत वादविवाद स्पर्धेत नाव दिलं. बाई म्हणाल्या, प्रत्येकाला तीन मिनिटं. ही म्हणाली, "म-मला सहा लागतील." सहा मिळाली. ती हरली. घरी येऊन दप्तर आपटलं, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"आत्या, प-परीक्षक म्हणाले, तुझे मुद्दे कच्चे होते. मु-मुद्दे! बोलण्याबद्दल एक अक्षर नाही!"