डब्यातली प्रेरणा

जानराव रंगारींना कोणी नाव विचारलं, तर ते नावाआधी नंबर सांगत. भिलाईच्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये अडतीस वर्षं घासलेल्या माणसाची ही खोड. पर्सनल नंबर सात-एक-चार-शून्य-दोन-तीन. हेल्मेटवर तोच, सायकलच्या मडगार्डवर तोच, आणि डब्याच्या झाकणावर बायकोने, शालूबाईंनी, भांडेवाल्याकडून कोरून घेतलेलाही तोच. भंडाऱ्याकडच्या गावात त्यांच्या बापाला दारोदार आधी जात सांगावी लागे. इथे गेटवर, बाविसाव्या वर्षी, त्यांना पहिल्यांदा कोणी फक्त नंबर विचारला. तेव्हापासून त्या नंबरावर त्यांचा जीव जडला, आणि यात हसण्यासारखं काही नाही. रिटायर झाल्यावर हुडको कॉलनीतल्या घराच्या गेटवर त्यांनी पाटी लावली. वर नाव, मध्ये नंबर, खाली बुद्ध विहाराच्या समितीचे सचिव म्हणून मोबाईल.

शालूबाई तीन वर्षांपासून विसरू लागल्या होत्या. आधी गॅस, मग रस्ता, मग माणसं. एकुलती एक प्रेरणा हैदराबादला नोकरीला. ऑक्टोबरात ती सुट्टी काढून आली, तर आईने दारातच विचारलं, "कोन पाह्यजे बाई तुमाले?"

प्रेरणाला रडू फुटलं. "आई," एवढंच ती म्हणाली आणि शालूबाईंनी दोन्ही हात पुढे केले. "अवो प्रेरणाचे बाबा, हे तर प्रेरणा आहे!" पोरीचा चेहरा गेला होता, आवाज तेवढा उरला होता. डॉक्टर म्हणाले, जे उरलंय ते जपा, रोज ऐकवा. फोन कानाला लावला की शालूबाई गोंधळत, हातातून टाकून देत. म्हणून बोलणारा कॅमेरा घ्यायचं ठरलं. पोरगी आईला पाहील, आईशी बोलेल, आणि जानरावांनाही तासभर बाहेर पडता येईल.

हैदराबादहून प्रेरणाने तीन कॅमेरे निवडून त्यांचे फोटो पाठवले. "बाबा, तिसराच घ्या. नवीन फोन जोडला की तो तुमच्या मोबाईलवर कोड पाठवते, कोडशिवाय कोणाले घुसू देत नाही." सुपेल्याच्या बाजारातल्या दुकानात जानरावांनी तिसराच मागितला. दुकानदाराने तो दाखवला, वर आणखी एक काढला. "अंकल, इसमें कोई झंझट नहीं. मोबाईल नंबर डालो, पासवर्ड डालो, चालू."

किमतीत फारसा फरक नव्हता. जानरावांनी बिनझंझटीचा घेतला तो भीतीपोटी. घरात एक माणूस रोज थोडं थोडं पुसलं जात असताना आपली पाळी कधी येते, ही धास्ती त्यांना होती. कोड येणार, चष्मा सापडणार नाही, आकडे डोक्यात राहणार नाहीत, आणि कॅमेरा बंद पडणार. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नाही. मरेपर्यंत विसरणार नाही अशी खात्री त्यांना एकाच आकड्याची होती.

"बाबा, पासवर्ड काय ठेवला?" प्रेरणाने विचारलं.

"आपला नंबर."

"अरे यार बाबा! वो तो गेट पे लिखा है. आणि त्याच्या खाली मोबाईलही. बदलवा आजच, दो मिनट का काम है."

"बदलवतो न. मले काय समजत नाही का?"

पासवर्ड बदलायचा तर तो त्यांच्याच फोनवरून बदलावा लागे. प्रेरणाने पुन्हा दोनदा आठवण केली. दोन्ही वेळा ते "झालं समज" म्हणाले. पुढे तिच्या ऑफिसात काम वाढलं, आणि ती दोन मिनिटं राहून गेली ती गेलीच.

कॅमेरा पलंगासमोरच्या फळीवर बसवला. रोज सातला त्यातून आवाज येई, "आई, पाणी पिलं का? गोळी घेतली?" आणि एरवी कोणाचं न ऐकणाऱ्या शालूबाई घटाघटा पाणी पीत. दोन महिने घरात पुन्हा घरपण आलं. जानराव चार वाजता बाहेरून कुलूप लावून विहारात जाऊ लागले. फोनवर घर दिसत असे, पण ते क्वचितच बघत. पोरगी बघते आहे म्हटल्यावर त्यांना काळजी वाटेना.

मग शालूबाईंचे गुडघे सुजले.

"कावून दुखून राहिले गुडघे?" तेल चोळता चोळता जानरावांनी विचारलं.

"प्रेरणा उठ-बस करवते न."

"कवा?"

"दुपारी. तुमी नसता तवा. आता ते हिंदीत बोलून राहिली."

जानराव हसले. भिलाईची पोर हिंदीत बोलली तर त्यात नवल ते काय! घरातली मराठी उंबऱ्याशीच संपते, हे इथल्या प्रत्येक आईबापाला ठाऊक आहे. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करवत असेल, असं त्यांनी धरलं. चार दिवसांनी शालूबाई ओल्या लुगड्यात बसलेल्या सापडल्या. तांब्या अंगावर ओतून घेतला होता. "प्रेरणानं सांगतलं," त्या म्हणाल्या. निदान तेव्हा तरी त्यांनी पोरीला फोन करायला हवा होता. केला नाही. आजारी बायकोच्या बोलण्याला 'हो हो' म्हणायची सवय लागली होती, तसंच ते 'हो हो' म्हणाले आणि लुगडं बदललं. बाई बिचारी खरं तेच सांगत होती.

त्या गुरुवारी विहारातली बैठक रद्द झाली आणि जानराव अर्ध्या तासात परतले. कुलूप उघडतानाच आतून एक अनोळखी, बायकी आवाज ऐकू आला.

"मम्मी, खड़े हो जाओ. अब बैठो. अब फिर से खड़े." मागे तीन-चार जणांचं खिदळणं.

शालूबाई पलंगाची कड धरून उठत होत्या. केस घामाने कपाळाला चिकटले होते, पाय लटपटत होते, आणि तोंडावर हसू होतं. फळीकडे बघत त्या म्हणत होत्या, "हो बेटा, उठून राहिली न मी."

जानरावांचं डोकं सणकून गेलं. वायर ओढली असती तरी काम झालं असतं. पण त्यांनी स्वयंपाकघरातून खलाचा बत्ता आणला, कॅमेरा फरशीवर आपटला आणि त्याच्यावर घाव घालत सुटले. पहिल्याच घावाला आवाज बंद पडला. त्यांचा हात थांबेना. तुकडे पलंगाखाली उडाले.

"मारली!" शालूबाई किंचाळल्या. "माया पोरीले मारली!"

तेव्हा कुठे जानराव थांबले. हातातला बत्ता कुठे ठेवावा हेही त्यांना सुचेना.

संध्याकाळी प्रेरणाने हैदराबादहून फोन करून कॅमेऱ्याला जोडलेल्या फोनांची यादी वाचून दाखवली. "चार फोन जुडे हुए हैं, बाबा. त्यातले दोन आपले." ती पुढे रागावलीही नाही, ते जानरावांना जास्त लागलं. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली. साहेबांनी विचारलं, "पासवर्ड किसको बताया था?" जानराव म्हणाले, "किसी को नहीं, साहब." आणि घरी येऊन गेटवरची पाटी काढायला गेले, तर स्क्रू गंजलेले. ते उद्योग करणारे कोण होते, हे काही कळलं नाही.

शालूबाई हेही विसरतील, या आशेवर ते दिवस काढत होते. जेवल्याचं विसरतात, नवऱ्याचं नाव विसरतात, मग हे का नाही विसरणार? पण तेवढंच एक नेमकं त्यांच्या डोक्यात घट्ट बसलं. सकाळी जाग आली की त्या फरशीवर हात फिरवून काहीतरी शोधत आणि नव्याने रडत. सात वाजता जानरावांनी फोन मोठ्या आवाजावर ठेवून प्रेरणाला बोलायला लावलं, तर त्यांनी उशी कानांवर दाबून धरली.

चौथ्या दिवशी प्रेरणा स्वतःच आली. रायपूरला विमानातून उतरून टॅक्सीने थेट घरी. चपला न काढता ती पलंगापाशी गेली, गुडघ्यांवर बसली. "आई, मी आली. बघ न, मले काही नाही झालं."

शालूबाईंनी तिला बराच वेळ न्याहाळलं. मग दुखवट्याला आलेल्या पाहुणीला जवळ घेतात तसं जवळ घेतलं, तिचे डोळे आपल्या पदराने पुसले.

"तुमचा आवाज माया प्रेरणासारखाच आहे, बाई," त्या म्हणाल्या. "पन ते गेली. तिच्या बापानंच मारली. बत्त्यानं."

"आई, अगं मीच..."

शालूबाईंनी घाईघाईने तिच्या तोंडावर हात ठेवला. दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या असलेल्या जानरावांकडे त्यांनी चोरून पाहिलं आणि कुजबुजल्या, "त्याईच्या समोर या आवाजात बोलू नका. तुमालेही मारतीन."

जानरावांना पुष्कळ काही सांगायचं होतं, पण आपला आवाज ऐकून शालू दचकेल म्हणून त्यांनी ग्लास उंबऱ्यावर ठेवला आणि ते बाहेर निघून गेले.