ओळख परेडीतलं हसू

फिनाइलचा वास आला की मला तुरुंगातली ती खोली आठवते. ओळख परेडीत आरोपीसोबत उभं करायला हवालदारानं मला चहाच्या टपरीवरून उचललं होतं. मला तर नाटकात काम मिळाल्यासारखं वाटलं; हसू काही आवरेना.

बिडकीनची म्हातारी आत आली. तिच्या पोराचा खून तिच्या डोळ्यांदेखत झाला होता. मान खाली घालून उभ्या आरोपीसमोरून पुढं येऊन तिनं माझ्याच छातीवर हात ठेवला. "ह्योच!"

पोलीस खो खो हसले. पुढं आरोपी सुटला. आता म्हणे कॅमेरेच चेहरे ओळखतात.

त्या दिवशी फाटकाबाहेर मी तिला म्हटलं, "मावशी, मी कॉलेजात शिकतो. मी तो नाय."

"मंग हसत कशाला व्हतास रं? मारताना त्यो बी असाच हसत व्हता."