सईची डावी बाही

बाळांनो, तुमचे स्वेटर विणून झाले, म्हणून शेजारच्या सईचा हाती घेतला. सईचा डावा हात जन्मापासून कोपरापर्यंतच आहे. माप घेताना तिची आई म्हणाली, "काकू, दोन्ही बाह्या पूर्ण करा. शाळेत मुलं टक लावून बघतात हो." ती आत जाताच सई माझ्या कानाशी आली. "आजी, डावी छोटीच कर. लांब बाही आमटीत बुडते, आणि कोपराने धरलेलं पुस्तक निसटतं."

दोघींनाही मी "बरं" म्हणाले. खांद्यापासून विणत कोपराशी आले आणि चार दिवस तिथेच अडले आहे. आज सईने विचारलं, "झाला का गं?"

"लोकर संपली," मी म्हणाले.

तिने माझ्या मांडीवरचे लोकरीचे दोन गुंडे पाहिले आणि शेजारी बसून राहिली.