लेकीने वाढवलेली मुदत

भर दुपारी संगणकाचा पडदा एकाएकी काळाभोर होतो आणि त्यात माझाच चेहरा उमटतो, कपाळावर आठ्या आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेला चष्मा. कोपऱ्यात बारीक अक्षरे सांगतात की प्रणालीची चाचणी-मुदत संपली. मग दर तासाला यंत्र आपणहून बंद पडू लागते. मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या या गल्लीत मी संगणकावर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवून त्या छापून देते. इकडे सगळा कारभार हिंदीत, पण गोंदिया-भंडाऱ्याकडच्या सोयऱ्यांना पत्रिका मराठीच लागते, त्यामुळे काम अडून चालत नाही. तरी खरे सांगू? तो काळोख पाहून मन हरखून जाते. आता नागपूरहून माझी सुजाता येणार!

ती येते, पिशवी खांद्यावरून न उतरवताच खुर्चीत बसते, एक ओळ टंकते, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करते. मुदत वाढते. मग राहते, भरल्या वांग्यांची फर्माईश करते, भरवेलीच्या खाणीवरून येणाऱ्या ट्रकांच्या धुळीवर कुरकुरते. नोकरी लागल्यापासून माझ्या लेकीचे माहेरपण हे यंत्रच ठरवते.

या खेपेला मात्र माझे चित्त थाऱ्यावर नव्हते. अशी वाढ मोजक्याच वेळा मिळते, ही शेवटची आणि यानंतर कायमची प्रणालीच घ्यावी लागणार, हे तिनेच मागे सांगितले होते. मी उगाच आत-बाहेर करत होते, पुसलेला ओटा पुन्हा पुसत होते. कायमचे मिळाले की माणूस निर्धास्त होतो म्हणे! मला तर त्या कायमपणाचीच धास्ती बसली होती. ज्याचे काही संपत नाही, बिघडत नाही, त्याच्याकडे वाट वाकडी करून कोण येते?

"झालं," बटण दाबून ती म्हणाली. "पुढच्या वेळी पक्कीच टाकून देतो आई. झंझटच नाही राह्यत."

"मंग तू काहून येशील?" माझ्या तोंडून निघून गेले.

ती हसली नाही. खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आई, हे एक ओळ तं मी तुले फोनवरबी सांगू शकत होती. पहिल्या वेळेपासून."

यंत्र अजून सुरू व्हायचे होते. काळ्या पडद्यात आम्ही दोघी शेजारी शेजारी दिसत होतो, आणि तो इतक्यात उजळू नये असे मला वाटत राहिले.