ॲन्सेल्मभाऊंचे आगाऊ चणे

आमच्या गिरीज गावचे ॲन्सेल्मभाऊ डाबरे मुळात घाईचे. मिस्सेत फादरांची प्रार्थना संपायच्या आत ह्यांचं आमेन. एकदा आजारी थॉमसकाकांच्या दारात काळा टाय लावून सांत्वनाला जाऊन उभे राहिले. काका त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि दर ईस्टरला त्या टायची चौकशी करत राहिले.

बॅलार्ड पिअरच्या एका जहाज कंपनीत तीस वर्षं इंग्रजी पत्रं लिहून भाऊ निवृत्त झाले होते. आता केळीला पाणी सोडायचं आणि गावाला इंग्रजी अर्ज लिहून द्यायचे, एवढाच उद्योग.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्यांच्या शर्लीला बघायला नंदाखाल गावचे सिप्रियन गुरुजी मुलाला, डिलनला, घेऊन आले. शर्ली शिक्षिका, डिलनही शिक्षक, शाळा वेगळ्या. आठवड्यात कळवतो म्हणून मंडळी गेली. पण आठवडा थांबणार कोण? मे महिन्यात आमच्याकडे संध्याकाळी क्रुसापाशी रोझरीची प्रार्थना होते आणि मग उकडलेले चणे वाटतात. तिसऱ्याच दिवशी भाऊंनी चण्यांचा मान मागून घेतला, आणि शर्ली-डिलनचं जुळलं म्हणून सगळ्यांना देवाचे आभार मानायला लावलं. देवालाही बहुतेक तेव्हाच कळलं असावं. मी दोन ओंजळी चणे घेतले. माझ्या शेजारी मात्र नंदाखालची एक पाहुणी बसली होती. तिने रुमालात बांधून नेले ते थेट गुरुजींच्या ओटीवर.

दुसऱ्या दिवशी गुरुजींचा निरोप आला. आमच्या मुलाचं ठरल्याचं आम्हाला चण्यांवरून कळलं, आता आम्ही वेगळं काय कळवायचं?

चांगलं स्थळ हातचं जाणार म्हणून भाऊंची बायको क्लेमेंटीन डोळ्याला पदर लावून बसली. माफीचं पत्र लिहायचं ठरलं, तेही इंग्रजीत, कारण गुरुजी इंग्रजी शिकवणारे हेडमास्तर. मी साखर मागायला गेले होते, ती तिथेच टेकले.

घाई झाली हे कबूल करायला भाऊंनी आधी इंग्रजी म्हणीतली कोंबडीची पिल्लं लिहिली, अंड्यातून निघायच्या आत मोजलेली. मी आपलं विचारलं, गुरुजींच्या मुलाला पिल्लू म्हटलेलं चालेल का? भाऊंनी खोडलं. मग दुसरी म्हण काढून घोड्याच्या पुढे गाडी जोडली. ह्यात घोडा कोण, एवढंच मी विचारलं.

"मटिल्डा, साखर मिळाली ना तुला?" क्लेमेंटीन म्हणाली. "मग नीघ आता."

मी कुठली निघते. तेवढ्यात शर्ली दारातून म्हणाली, "पप्पा, 'जंप्ड द गन' लिहा."

"का?"

"पिल्लांचं लिहिलं तर अंडं नासूही शकतं, असा अर्थ निघतो. घोड्याचं लिहिलं तर सगळी मांडणीच उलटी. शर्यतीत तसं नाही. बंदुकीचा बार व्हायच्या आधी कोणी पळाला तर त्याला मागे बोलावतात. शर्यत व्हायची ती होतेच."

भाऊंनी पेन खाली ठेवलं. "होतेच, हे तुला कोणी सांगितलं?"

 मग हळूहळू शर्लीच्या तोंडून निघालं सगळं. एप्रिलात दहावीचे पेपर तपासायला दोघं एकाच केंद्रावर होती. बघायला कधी यायचं, ते तिथेच ठरलं होतं. म्हणजे गावभर ओरडून आलेल्या माणसालाच खरी बातमी सगळ्यात उशिरा कळली. क्लेमेंटीनने पदर खाली घेतला. मी साखरेची वाटी मांडीवर घेऊन आणखी सरसावून बसले.

पत्र शर्लीच्या शब्दांत गेलं. चार दिवसांनी गुरुजी ते खिशात घालून स्वतः आले. एका स्वल्पविरामाभोवती तांबडं वर्तुळ होतं.

"म्हण अचूक निवडलीत," ते भाऊंना म्हणाले. "पिल्लं-बिल्लं लिहिली असती तर मी आलो नसतो. आता रेषेवर या. आमचा होकार आहे."

शर्ली आत पळाली. खिडकीतून मला दिसत होती, एकटीच हसत होती. तारीख नोव्हेंबरची निघाली. भाऊ ती रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटले, आणि ह्या वेळी कोणाची काहीच हरकत नव्हती.