मुराळ्याची गाडी

जळगावात आमचं गाड्यांच्या रबरी सुट्या भागांचं दुकान आहे. ते मी चालवते. मागच्या शेडमध्ये नवऱ्याचं लेथ मशीन आहे, त्यावर तो कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे भाग करतो. त्याच शेडमध्ये त्याने सुटे भाग मागवून एक स्पोर्ट्स कार जोडली. पाइपांची चॅसी, पिवळी फायबर बॉडी, भंगारातलं इंजिन, दोनच सीटा.

दुसरी सीट अक्कांसाठी होती. अक्का म्हणजे त्याची मोठी बहीण, दिली धुळ्याला. सासूबाई लवकर गेल्या, तेव्हा अक्कांनीच त्याला वाढवलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येते आणि तिला आणायला भाऊ जातो. त्याला मुराळी म्हणतात. हा दरवर्षी एसटीने जायचा. यंदा स्वतः बनवलेल्या गाडीने जाणार होता. अक्कांचं लिव्हर निकामी होत आलं होतं. पुढची आखाजी त्यांना मिळणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

गाडीत एक दोष होता. मागच्या चाकाचा आर्म वरखाली होताना जरा पिळायचा, त्यामुळे त्याच्या टोकाच्या सांध्यातलं रबरी बुश महिनाभरात फाटायचं. तो वैतागला आणि त्याने लेथवर नायलॉनचं कडक बुश कापून बसवलं.

"जिनिंगला हेच चालतं. वर्षानुवर्षं हलत नाही," तो म्हणाला.

"जिनिंगचं मशीन एका जागी बसून फिरतं. गाडी खड्ड्यात जाते," मी म्हटलं. "रबर दबतं म्हणून आर्म चॅसीला धरणारा तो ब्रॅकेट टिकलाय. त्याचा पत्रा बघा किती पातळ आहे."

"तू रबर विकतेस, म्हणून तुला सगळीकडे रबर दिसतं."

मी उद्याच्या पुरणाची डाळ निवडायला घेतली.

आखाजीला सकाळी तो निघाला. पारोळ्याच्या पुढे त्याचा फोन आला. बुश शाबूत होतं, ब्रॅकेट चॅसीपासून फाटला होता.

"तिथून बस धरा, धुळ्याला जा," मी म्हटलं.

"ही रस्त्यात टाकून? वेल्डिंगवाला येतोय."

सणाच्या दिवशी कसला वेल्डिंगवाला येतोय. मी गॅस बंद केला आणि बसस्टँड गाठलं. पारोळा सुटल्यावर खिडकीतून पिवळी गाडी दिसली. मागचं एक चाक आत कललेलं, आणि तो बाजूला निंबाखाली उकिडवा बसलेला. त्याने बसकडे पाहिलं नाही.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. नवं लुगडं, शेजारी पिशवी. पाय सुजलेले.

"भाऊ कोठे शे?"

"गाडी बिघडली, अक्का. मी आलेय न्यायला. रिक्षा उभी आहे."

त्या हसल्या. "तू काय मुराळी शे का? मुराळी म्हंजे भाऊ. त्याले येऊ दे, मंग मी येसू."

मी खूप सांगून पाहिलं. त्यांनी मला जेवू घातलं, पण पिशवी उचलू दिली नाही. संध्याकाळच्या बसने मी एकटी परतले. मी निघाले तेव्हाही त्या ओट्यावरच होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडीचं वेल्डिंग झालं आणि तो धुळ्याला पोहोचला. तोवर अक्कांना दवाखान्यात हलवलं होतं. त्यांनी विचारलं, "गाडी कशी शे?"

"चांगली शे," तो म्हणाला.

त्या तिथून घरी आल्या नाहीत.

नंतर त्याने आर्मची जागा बदलली, ब्रॅकेटला जाड पट्ट्या जोडल्या आणि दुकानातून रबरी बुश नेलं. आता गाडी खड्ड्यातूनही सरळ जाते. दहाव्याच्या आधीच ती तयार झाली होती.

दहाव्याला तो एसटीने गेला.